किलालाच्या बिशपचा बंदिवास

इ. स. १७९८ च्या आयरिश बंडाविषयीं जें लिहिलें गेलें, त्यांत जेत्यांचा दर्प आणि जितांचा आक्रोश विपुल आढळतो. समबुद्धि मात्र विरळा. किलाला येथील प्रॉटेस्टंट बिशप जोसेफ स्टॉक याचा वृत्तांत म्हणूनच आवर्जून वाचण्याजोगा आहे.

त्या वर्षीं २२ ऑगस्ट रोजीं जनरल हंबर्ट सुमारें एक हजार फ्रेंच शिपाई घेऊन मेयो परगण्याच्या किनाऱ्यावर उतरला. बिशपच्या वाड्यांत त्यानें आपलें ठाणें मांडलें, आणि घरधनी मुलांबाळांसह स्वतःच्याच घरांत बंदिवान झाला. हंबर्ट पुढें चालून गेला. मागें कांहीं दिवसांनीं शारोस्ट हा अधिकारी व त्याचे मोजके सोबती तेवढे उरले, आणि भोंवतीं भालेधारी शेतकऱ्यांची दाटी. ८ सप्टेंबरला बॅलिनामक येथें हंबर्ट शरण गेला. आतां चिडलेला जमाव काय करील, या धास्तींत वाड्यांतले दिवस गेले. परंतु शारोस्टनें शत्रुपक्षाच्या त्या कुटुंबास अखेरपर्यंत राखिलें.

२३ सप्टेंबरला सरकारी फौजेनें गांव घेतलें. शेकडों बंडखोर मारले गेले व बिशप सुटला. तथापि १८०० सालीं प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतांत त्यानें फ्रेंचांची शिस्त वाखाणली, कॉनॉट प्रांतांतील बंडखोरांनीं रणांगणाबाहेर रक्त सांडलें नाहीं अशी साक्ष दिली, आणि राजाच्या सैनिकांनीं केलेली लूटही लपविली नाहीं.

कैद्यानें पहारेकऱ्याचे गुण ओळखावे, हें एक वेळ समजतें. पण सुटका करणाऱ्यांचे दोष नोंदविण्यास निराळेंच धैर्य लागतें. त्या बंडाचा इतिहास लिहिणाऱ्यास स्टॉकची साक्ष अजूनही टाळतां येत नाहीं, ती यामुळेंच.