नाव परदेशी, पाणी इथले : परवान्यावर बनणाऱ्या बिअरची ओळख

वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे. गांधीजींच्या सेवाग्रामचा जिल्हा म्हणून शासनाने हा निर्णय घेतला. बेचाळीसच्या आंदोलनातील बलिदानामुळे 'शहीद आष्टी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आष्टी गावात आणि तालुक्यात त्यामुळे बिअर विक्रीचे अधिकृत दुकान नाही. मात्र पश्चिमेकडे वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा लागतो. तेथे बंदी नाही आणि दुकानांच्या फलकांवर ऑस्ट्रेलिया, डेन्मार्क, हॉलंड, अमेरिका येथील बिअरची नावे झळकताना दिसतात. नाव परदेशी म्हणजे बाटलीही परदेशातून आली, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात त्यांतील बऱ्याच बाटल्या महाराष्ट्रात किंवा शेजारच्या राज्यांत भरलेल्या असतात. हा व्यवहार कसा चालतो आणि त्यात कोणाच्या वाट्याला काय येते, याची ही माहिती.

बिअर येथेच का बनते?

याचे पहिले कारण पाणी. बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. व्हिस्कीच्या तुलनेत बिअरची एका लिटरमागे किंमत कमी आणि वजन तेवढेच. अशी वस्तू जहाजाने आणणे म्हणजे मोठे भाडे भरून पाणीच वाहून आणणे होय. शिवाय बिअर नाशवंत असते. ऊन आणि उष्णता यांमुळे तिची चव काही महिन्यांत उतरते.

दुसरे कारण कर. परदेशी मद्याच्या आयातीवर २००१ पर्यंत संख्यात्मक निर्बंध होते. ते उठल्यावर बिअरवरील आयातशुल्क शंभर टक्क्यांच्या घरात ठेवण्यात आले. तिसरे कारण राज्यघटनेत आहे. मद्याची निर्मिती, वाहतूक, विक्री आणि त्यावरील उत्पादन शुल्क हे विषय सातव्या अनुसूचीनुसार राज्यांकडे आहेत. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात बिअर नेताना परवानगी लागते आणि शुल्कही भरावे लागते. त्यामुळे मोठ्या कंपन्या बाजारपेठेच्या जवळच, शक्यतो त्याच राज्यात कारखाना काढतात किंवा तेथील कारखान्याशी करार करतात.

महाराष्ट्रात या उद्योगाचे मोठे केंद्र म्हणजे छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) लगतच्या औद्योगिक वसाहती. फॉस्टर्स या ऑस्ट्रेलियन बिअरचा भारतातील कारखाना १९९० च्या दशकाच्या अखेरीस येथेच उभा राहिला. पुढे डेन्मार्कच्या कार्ल्सबर्गनेही येथे कारखाना काढला. नेदरलँड्सची हायनेकेन २०११ पासून युनायटेड ब्रुअरीजच्या मुंबईजवळील तळोजा येथील कारखान्यात बनू लागली.

परवाना म्हणजे नेमके काय?

येथे 'परवाना' हा शब्द दोन अर्थांनी येतो. एक परवाना राज्य शासनाचा. त्याशिवाय कारखाना चालवता येत नाही. दुसरा परवाना नाममुद्रेच्या मालकाचा. नाममुद्रेचा मालक कारखानदाराला आपले व्यापारचिन्ह, कृती आणि तांत्रिक माहिती ठरावीक प्रदेशात वापरण्याची मुभा देतो आणि त्या बदल्यात स्वामित्वशुल्क, म्हणजेच रॉयल्टी घेतो. असे करार साधारणपणे तीन प्रकारचे असतात. पहिल्यात मालक आणि कारखानदार पूर्णपणे वेगळे असतात. दुसऱ्यात दोघे मिळून संयुक्त कंपनी काढतात. तिसऱ्यात कारखाना परदेशी कंपनीच्याच भारतीय उपकंपनीचा असतो, तरीही नाव वापरण्यासाठी दोन कंपन्यांत लेखी करार होतो. एक प्रकार पुढे दुसऱ्यात बदलूही शकतो. युनायटेड ब्रुअरीजमध्ये हायनेकेनचा आधी मर्यादित हिस्सा होता. जून २०२१ मध्ये तो ६१.५ टक्क्यांवर गेला आणि नाव देणाराच कारखान्याचाही मालक झाला.

परदेशातून प्रत्यक्ष काय येते, हाही कुतूहलाचा विषय आहे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे किण्व, अर्थात यीस्ट. कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी १८८३ मध्ये किण्वाची शुद्ध वाढ करण्याची पद्धत शोधली. तेव्हापासून एकच चव वर्षानुवर्षे आणि कोठेही राखणे शक्य झाले. मूळ कंपनी आपल्या किण्वाचा नमुना परवानाधारकाला पुरवते आणि तयार मालाचे नमुने तपासणीसाठी मागवून घेते. हॉप्स या वेलीची कडवट चवीची फुले बहुतांशी आयात करावी लागतात. सातू मात्र मोठ्या प्रमाणात राजस्थान, हरियाणा या राज्यांतला असतो. अनेक कृतींत त्याच्या जोडीला तांदूळ किंवा साखरही वापरतात. पाणी अर्थातच स्थानिक. त्यातील क्षार काढून आणि पुन्हा हवे तेवढे घालून ते मूळ गावच्या पाण्यासारखे केले जाते.

तेव्हा परवान्यावर बनलेली बिअर बनावट नसते. ती मूळ कंपनीच्या संमतीने आणि देखरेखीखालीच बनते. मात्र ती आयात केलेलीही नसते. हा फरक ध्यानात ठेवावा लागतो, कारण बाटलीवर मोठ्या अक्षरांत मूळ शहराचे नाव आणि जुने साल असते, तर कारखान्याचा पत्ता बारीक अक्षरांत कडेला असतो.

नाव राहते कोठे?

नाममुद्रा नेमकी कोठे 'राहते', हा प्रश्न भारतात न्यायालयापर्यंत गेला आणि त्याचे निमित्तही फॉस्टर्सच होते. ऑस्ट्रेलियातील मूळ कंपनीने १९९७ च्या कराराने भारतीय कंपनीला नाव वापरण्याचा परवाना दिला होता. ऑगस्ट २००६ मध्ये भारतातील हा सर्व व्यवसाय, नाममुद्रेच्या हक्कांसह, सॅबमिलर या कंपनीला सुमारे १२ कोटी डॉलरना विकण्याचा करार झाला. नाममुद्रेपोटी मिळालेल्या रकमेवर भारतात कर लागतो का, असा वाद निर्माण झाला. हे नाव भारतातील विक्रीने आणि जाहिरातीने येथेच रुजले आहे, म्हणून ही मालमत्ता भारतातील आहे, असे अग्रिम निर्णय प्राधिकरणाने २००८ मध्ये म्हटले. दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २०१६ मध्ये हा निर्णय फिरवला. व्यापारचिन्हासारख्या अमूर्त मालमत्तेचे ठिकाण म्हणजे तिच्या मालकाचे ठिकाण आणि मालक ऑस्ट्रेलियात असल्याने विक्रीच्या या रकमेवर भारतात कर लागत नाही, असा त्याचा आशय होता. दरवर्षी दिल्या जाणाऱ्या रॉयल्टीवरील कराचा प्रश्न यापासून वेगळा आहे.

निकालाचा कायदेशीर तर्क काहीही असो, सामान्य वाचकाला त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. बिअर मराठवाड्यात बनली, भारतात विकली गेली, तरी नाव मेलबर्नलाच राहिले. आणि बाटलीच्या किमतीतील चढा भाग बहुधा त्या नावाचाच असतो.

पाणी मात्र पैठणचे

पाण्याचा पत्ता बदलत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतींना पैठणच्या जायकवाडी धरणातून, म्हणजेच नाथसागरातून पाणी मिळते. एक लिटर बिअर तयार होण्यास, बाटल्या व यंत्रे धुण्याचे पाणी धरून, साधारण तीन ते पाच लिटर पाणी लागते. एकूण वापरात शेतीच्या तुलनेत हा वाटा लहान आहे. तरी दुष्काळात हा आकडा डोळ्यांत येतो.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातील मद्यउद्योगांच्या पाण्यात कपात करण्याचा आदेश दिला. ही कपात टप्प्याटप्प्याने वाढवून १० मेपासून जूनअखेरीपर्यंत ६० टक्के करायची होती. इतर उद्योगांसाठी ती २५ टक्के होती. कारखान्यांमुळे मिळणारा रोजगार आणि शासनाला मिळणारा महसूल हा युक्तिवादही त्या वेळी जोरात मांडला गेला आणि तो खोटा नव्हता. प्रश्न प्राधान्याचा होता आणि पाऊस लांबला की तो पुन्हा उभा राहतो.

इतर देशांचा अनुभव

हा व्यवहार केवळ परदेशातून भारताकडे असा एकतर्फी नाही. आपली किंगफिशर बिअर ब्रिटनमध्ये अनेक वर्षे केंट परगण्यातील शेफर्ड नीम या जुन्या कारखान्यात परवान्यावर बनत होती. तेथील भारतीय उपाहारगृहांत ती 'भारतीय बिअर' म्हणूनच प्यायली जाई. फॉस्टर्सचे युरोपातील हक्क तर वेगळ्याच कंपनीकडे गेले. त्यामुळे एकाच नावाच्या बिअरचे निरनिराळ्या खंडांत निरनिराळे मालक आहेत.

अमेरिकेत ग्राहकांनी याबाबत दाद मागितली. बेक्स ही जर्मन बिअर २०१२ पासून अमेरिकी बाजारासाठी सेंट लुईस येथे बनू लागली. वेष्टनावरून मात्र ती जर्मनीचीच वाटते आणि त्यासाठी आपण जादा पैसे मोजले, अशी तक्रार ग्राहकांनी न्यायालयात केली. २०१५ मध्ये तडजोड होऊन ग्राहकांना काही रक्कम परत देण्याचे आणि वेष्टनावर 'अमेरिकेत उत्पादित' हे अधिक ठळक करण्याचे ठरले.

भारतात आवेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार उत्पादकाचे नाव आणि पत्ता छापणे बंधनकारक आहे. आयात मालावर मूळ देश आणि आयातदार यांचा उल्लेख लागतो. १ एप्रिल २०१९ पासून लागू झालेल्या मद्यविषयक अन्न सुरक्षा नियमांनुसार अल्कोहोलचे प्रमाण आणि आरोग्यविषयक इशाराही आवश्यक आहे. म्हणजे माहिती बाटलीवर असते, ती वाचण्याचे कष्ट तेवढे घ्यावे लागतात. 'उत्पादक' आणि 'परवान्यानुसार' हे शब्द शोधले की बिअर कोठे बनली हे लगेच कळते.

एक भाषिक गोंधळही येथे दूर केला पाहिजे. शासकीय परिभाषेतील 'देशी दारू' आणि 'विदेशी मद्य' ही मद्याच्या प्रकारांची नावे आहेत, जन्मस्थानाची नव्हेत. 'भारतीय बनावटीचे विदेशी मद्य' हा शब्दप्रयोग त्यातूनच आला आहे.

आष्टीच्या दृष्टीने यातले काय महत्त्वाचे? येथे विक्रीला बंदी आहे, त्यामुळे नदीपलीकडून येणारी बाटली कोणत्याही नावाची असली तरी बेकायदाच ठरते. परंतु बंदी असो वा नसो, मद्याचे धोरण हे राज्याचे धोरण आहे. कारखान्यांना किती पाणी द्यावे, त्यांच्याकडून किती शुल्क घ्यावे आणि कोणत्या जिल्ह्यात विक्रीस मनाई करावी, हे तिन्ही निर्णय मुंबईतच होतात. 'परदेशी' या एका शब्दामुळे हा सारा विषय दूरचा वाटतो. प्रत्यक्षात दूरचे असते ते फक्त नाव. पाणी, श्रम, महसूल आणि व्यसनाचे परिणाम हे सारे इथलेच असतात आणि त्यांचा हिशेबही इथल्याच नागरिकांनी मागायचा असतो.