उत्तर आधी, प्रश्न मागाहून

डीएनएचा रेणू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग वाचण्याचे साधन फ्रेडरिक सँगर यांच्या १९७७ मधील पद्धतीजवळही नव्हते. एका वेळी काहीशे अक्षरे वाचावयाची आणि असे असंख्य तुकडे संगणकाकडून जुळवून घ्यावयाचे. एकाच पोथीच्या अनेक प्रती फाडून कपट्यांवरून संहिता सिद्ध करावी, तसाच हा प्रकार. परंतु मूळ पोथी कोणीच पाहिलेली नसताना जुळणी बरोबर झाली, हे ठरवावे कशावरून?

एंगल आणि बर्क्स यांनी १९९३ साली यावर साधा उपाय काढला. त्यांच्या ‘जेनफ्रॅग’ या आज्ञावलीने ज्ञात अनुक्रम घ्यावा, त्याचे यदृच्छेने तुकडे करावेत, त्यांत मुद्दाम चुका पेराव्यात. आता परीक्षकाजवळ उत्तर होते.

या उपायाचे मोल १९९७ च्या वादात दिसले. मानवी जनुकसंच एकदम फोडून जुळविता येईल, असे वेबर आणि मायर्स यांनी संगणकीय प्रतिरूपणाच्या आधारे मांडले. फिल ग्रीन यांनी नियतकालिकाच्या त्याच अंकात कडाडून विरोध केला. मानवी जनुकसंचाचा सुमारे निम्मा भाग पुनरावृत्तींचा आहे, हे लक्षात घेता ग्रीन यांची शंका मला तरी अवाजवी वाटत नाही. मायर्स यांनी १९९९ साली पुनरावृत्तीही घडविणारा नवा जनक सादर केला आणि २००० साली फळमाशीच्या सुमारे १२ कोटी अक्षरांची जुळणी प्रसिद्ध झाली.

पुढे सोलेक्साच्या यंत्रांनी तुकडे तीस-पस्तीस अक्षरांवर आणले. या यंत्राच्या चुका बहुधा अक्षरबदलाच्या, तुकड्याच्या शेवटाकडे वाढत जाणाऱ्या. हेंग ली यांची ‘डब्ल्यूजीसिम’ मात्र चुका सर्वत्र सारख्याच विखुरते. २०१२ च्या ‘आर्ट’ने खऱ्या वाचनांवरून चुकांचा साचा शिकून घेतला.

तरीही कृत्रिम तुकड्यांत आपण घातलेलीच खोडी सापडते, हा धोका उरतो. रुग्णाच्या जनुकातील बदल शोधणारी आज्ञावली अशा सोप्या परीक्षेत उत्तीर्ण होऊन प्रत्यक्षात फसली, तर दंड रुग्णाला भरावा लागतो. ग्वानीन-सायटोसीन फार असलेल्या भागांतून खरी यंत्रे पुष्कळदा कमी तुकडे देतात. त्यामुळे तिथले बदल निसटतात. हा असमतोल चीनमधील बीजीआय संस्थेच्या ‘पीआयआरएस’ने २०१२ मध्येच प्रतिरूपणात आणला.