नळाचे पाणी (लहान शहरातील)

नगरपंचायत किंवा नगरपरिषद असलेल्या गावात सार्वजनिक योजनेतून घरोघर येणारे पिण्याचे पाणी, त्याची प्रत आणि ते कितपत निर्धोक असते, हा या नोंदीचा विषय आहे. महाराष्ट्रात १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाने पाणी पुरवणे हे नगरपरिषदेचे बंधनकारक कर्तव्य ठरवले. योजना आखून बांधण्याचे काम बहुधा महाराष्ट्र जीवन प्राधिकरण करते. ती रोज चालवण्याचा भार नगरपरिषदेवर येतो. ४०,००० पर्यंत वस्तीच्या ‘क’ वर्ग नगरपरिषदेत हा भार प्रत्यक्षात मोजक्या माणसांच्या खांद्यावर असतो: केंद्रावरचे चालक, एखादा अभियंता आणि गल्लोगल्ली चाव्या फिरवणारे वॉलमन. गावाचे आरोग्य ज्यांच्या हातात असते अशा लोकांत वॉलमन फार वरच्या क्रमांकावर आहे, पण त्याला पाण्याविषयी रीतसर शिक्षण क्वचितच मिळते.

नदीपात्रातल्या किंवा धरणाच्या फुगवट्यातल्या जॅकवेलमधून उपसलेले पाणी शुद्धीकरण केंद्रावर पायऱ्यांवरून खळाळत सोडतात, म्हणजे त्यात हवा मिसळते. मग तुरटी किंवा पीएसी (पॉली ॲल्युमिनियम क्लोराइड) घालून ते ढवळतात. गाळाचे कण एकमेकांना धरून जड होतात व निवळण टाकीत खाली बसतात. उरलेले वाळूच्या थरात अडकतात. शेवटी क्लोरीन. तो मोठ्या केंद्रावर वायूच्या नळकांड्यातून देतात, लहान ठिकाणी टीसीएल (ब्लीचिंग) पावडरीतून. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के उपयुक्त क्लोरीन असतो, पण पोते उघडे राहिले, ओल लागली किंवा उन्हात पडले की तो उतरत जातो. १,००० लिटरला ५ ग्रॅम हे अनेकांना पाठ असलेले प्रमाण ताज्या पावडरीचे आहे. जुन्या पोत्यातली तेवढीच पावडर टाकली तर वास येतो, पण जंतू मरतीलच असे नाही. शिवाय क्लोरीनला काम करायला अर्धा तास तरी हवा. पावडर टाकून लगेच नळ सोडला, तर पहिल्या गल्लीला औषध मिळते आणि जंतूही मिळतात.

पावसाळ्याचे पहिले पूर आले की सगळे गणित बदलते. गढूळ पाण्यातला सेंद्रिय गाळ क्लोरीन खाऊन टाकतो आणि कणांच्या आड जंतू सुरक्षित राहतात. म्हणून तुरटीची मात्रा रोज, प्रसंगी दिवसातून दोनदा नव्याने ठरवावी लागते. त्यासाठी पाण्याचे नमुने ओळीने भांड्यांत घेऊन वेगवेगळ्या मात्रा घालून पाहण्याची साधी चाचणी आहे. ती जिथे होत नाही तिथे जून-जुलैमध्ये तोटीला फडके बांधलेले दिसते. फडके गाळ अडवते, जंतू अडवत नाही.

रिकाम्या नळाचा धोका : केंद्रावर नीट शुद्ध झालेले पाणी सर्वांत जास्त बिघडते ते वाटेत, आणि त्याचे मुख्य कारण म्हणजे नळाला पाणी ठरावीक वेळच असणे. लहान शहरात दिवसाआड, तीन दिवसांआड, उन्हाळ्यात आठवड्याने एक-दोन तास पाणी सुटते. उरलेला काळ जमिनीखालची नलिका रिकामी किंवा अर्धवट भरलेली असते. वॉलमनने चावी बंद केली की उताराकडचे पाणी ओघळून जाते, मागे पोकळी निर्माण होते आणि नलिका जिथे फुटकी असेल तिथून बाहेरचे पाणी आत ओढते. ते बाहेरचे पाणी कोणते? आपल्या गावांत घरजोडाची लोखंडी नळी बऱ्याचदा उघड्या गटारातून किंवा गटाराखालून आडवी जाते. तीच गंजते, तिचाच सांधा आधी सुटतो. पुढच्या वेळी पाणी सुटते तेव्हा गटारातला हा घोट सर्वांत आधी बाहेर येतो.

दाब कमी असल्यामुळे लोक दोन उपाय करतात आणि दोन्ही संकट वाढवतात. पहिला म्हणजे नळाचा खड्डा. अंगणात दोन-तीन फूट खणून तोटी जमिनीच्या पातळीखाली नेतात, म्हणजे उरलासुरला दाबही कामी येतो. त्या खड्ड्यात धुण्याभांड्याचे, पावसाचे पाणी साचते आणि तोटी त्यात बुडते. नलिकेत पोकळी झाली की खड्ड्यातले पाणी थेट तिच्यात शिरते आणि शेजाऱ्यांच्या घरी पोचते. दुसरा म्हणजे नळाला मोटार. मोटार ज्या जोराने पाणी ओढते त्याच जोराने फुटक्या सांध्यातून घाणही ओढते, आणि उंचावरच्या घरांना पाणी पोचतच नाही. अशा मोटारी जप्त करण्याची मोहीम दर उन्हाळ्यात निघते. पण ज्या बाईला दोन तासांत घरचे सगळे पाणी भरायचे आहे तिच्यापुरते पाहिले तर मोटार हा अपराध नसून निरुपाय आहे. हे मान्य केल्याशिवाय कोणतीही मोहीम टिकणार नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

रिकाम्या नळाच्या या धोक्याचे मोजमाप कर्नाटकातील हुबळी-धारवाडमध्ये झाले आहे. तिथे काही प्रभागांत २४ तास आणि बाकीच्या शहरात काही दिवसांआड असा पुरवठा एकाच वेळी चालू होता. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खंडित पुरवठ्याच्या नळांतून घेतलेल्या जवळपास एक तृतीयांश नमुन्यांत ई. कोलाय हा विष्ठेतील जंतू सापडला. अखंड पुरवठ्याच्या नळांत हे प्रमाण १ टक्क्याहून कमी होते. नलिका कायम भरलेली आणि दाबाखाली असली तर भोकातून पाणी बाहेर जाते, घाण आत येत नाही. गळती हा पैशाचा तोटा असतो, रोगाचा रस्ता होत नाही.

तपासणी व मानके : भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १०५०० (२०१२) या मानकानुसार १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय अजिबात आढळता कामा नये. गढूळपणा १ एनटीयूपर्यंत असावा आणि दुसरा स्रोत नसेल तर ५ पर्यंत चालतो. नळापाशी उरणारा मुक्त क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावा. नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या वर गेल्यास कोणतीही सवलत नाही. फ्लोराइड १ पर्यंत, नाइलाज असेल तर १.५ मिलिग्रॅम. या सगळ्यांत रोज, तिथल्या तिथे आणि जवळजवळ फुकट तपासता येते ती एकच गोष्ट: उरलेला क्लोरीन. ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून पाणी पिवळे होते का ते पाहण्याच्या परीक्षेला सगळे ‘ओटी टेस्ट’ म्हणतात. हे रसायन अपायकारक असल्याने आता त्याऐवजी गुलाबी रंग देणारे डीपीडी वापरणे चांगले समजतात. परीक्षा कुठे करावी, याला मात्र पर्याय नाही. टाकीखालच्या नळाला क्लोरीन असणारच. तो नलिकेच्या शेवटच्या टोकाला, गावाबाहेरच्या वस्तीत, शेवटच्या घरात मिळाला तरच पाणी वाटेत बिघडले नाही असे म्हणता येते. नोंदवहीत टाकीजवळचे आकडे भरणे सोपे असते, म्हणून तेच भरलेले आढळतात.

खोट्या नोंदवहीची किंमत किती असू शकते ते कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातील वॉकर्टन या सुमारे ५,००० वस्तीच्या गावाने दाखवून दिले. मे २००० मध्ये मुसळधार पावसाबरोबर शेतातल्या शेणखताचे जंतू गावच्या एका उथळ विहिरीत उतरले. चालक क्लोरीन न मोजताच वहीत ठरावीक आकडे लिहीत होते. पाणी दूषित असल्याचा प्रयोगशाळेचा अहवाल आल्यावरही तो आरोग्य अधिकाऱ्यांना कळवला गेला नाही. ७ माणसे दगावली, सुमारे २,३०० आजारी पडली. न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांच्या चौकशीत असा निष्कर्ष निघाला की, त्या विहिरीवर क्लोरीन व गढूळपणा सतत मोजणारी उपकरणे असती तर हा उद्रेक टळला असता. ते गाव श्रीमंत देशातले होते, आणि त्याच्याकडेही पाणी सांभाळणारी माणसे थोडीच होती.

वॉकर्टनमध्ये ई. कोलायबरोबर सापडलेला कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू महाराष्ट्राला जानेवारी २०२५ मध्ये माहीत झाला. पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात, महापालिकेत नव्याने आलेल्या नांदेड, किरकटवाडी या गावांच्या परिसरात गियाँ-बारे सिंड्रोम (जीबीएस) या मज्जातंतूंच्या विकाराचे रुग्ण एकाएकी वाढले आणि काहींच्या शौचाच्या नमुन्यांत हा जंतू आढळला. यातील काही भागाला शुद्धीकरण केंद्राचे नव्हे, तर विहिरीतून उपसून क्लोरीन घातलेले पाणी मिळत होते. गाव शहरात येते, कर लागू होतो, पण केंद्राची नलिका पोचायला वर्षे लागतात. मधल्या काळाची जबाबदारी स्पष्टपणे कुणाचीच नसते. अधिक नेहमीचे आजार म्हणजे गॅस्ट्रो, विषमज्वर आणि ‘अ’ व ‘ई’ प्रकारची कावीळ. यांपैकी ‘ई’ कावीळ गर्भवतींना विशेष घातक ठरते. एकाच गल्लीत चार-पाच रुग्ण निघाले तर आधी त्या गल्लीतली नलिका आणि गटार कुठे एकमेकांना ओलांडतात ते पाहावे.

क्षारांचा प्रश्न वेगळा आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांचा खारपाणपट्टा आणि चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतील फ्लोराइडयुक्त भूजल ही त्याची ठळक उदाहरणे. क्लोरीनने क्षार जात नाहीत. उकळल्याने तर ते किंचित वाढतात, कारण पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे राहतात. अशा गावांना दूरच्या धरणातून आणलेली प्रादेशिक योजना हाच खरा आधार असतो. तिचा पंप किंवा वीज बंद पडली की लोक पुन्हा बोअरच्या पाण्याकडे वळतात.

घरातले पाणी : काल भरलेले पाणी ‘शिळे’ म्हणून ओतून नवे भरण्याची रीत आपल्याकडे घट्ट आहे. खरे तर झाकलेल्या स्वच्छ भांड्यातले कालचे पाणी नळ सुटल्याबरोबर आलेल्या पाण्यापेक्षा बहुधा चांगले असते. नळाचे पहिले पाच-दहा मिनिटांचे पाणी पिण्यासाठी भरू नये, ते झाडांना किंवा अंगण धुवायला घ्यावे. पिंपात हात बुडवून तांब्या भरणे टाळावे. लांब दांड्याचे ओगराळे किंवा तोटीचा माठ वापरावा. संशय असेल तर पाणी खदखदून उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट उकळावे. खंडित पुरवठ्यामुळे घरोघर पिंपे भरलेली असतात, आणि डेंग्यू पसरवणारा डास तिथेच वाढतो. आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून कोरडी करण्याचा ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतात तो यासाठी.

नळावरचा विश्वास उडाला की बाजार उभा राहतो. पाणी शुद्ध करणारी यंत्रे विकणारे दोन तारा पाण्यात बुडवून ते तांबूस-हिरवे झालेले दाखवतात. हा लोखंडाच्या तारेवर विजेने होणारा परिणाम आहे, घाण नव्हे. क्षार असलेले कोणतेही चांगले पाणी असेच रंगेल. टीडीएस मीटरही फक्त विरघळलेले क्षार मोजतो. त्यात गटाराचा अंश असला तरी आकडा ३०० दाखवू शकतो, आणि ७०० टीडीएसचे निर्जंतुक पाणी आजारी पाडत नाही. लग्नाकार्यात आणि दुकानांत येणारे थंड पाण्याचे जार ही आणखी एक गोष्ट. हे मोहोरबंद बाटलीतले पाणी नसते, त्यामुळे त्यावर बाटलीबंद पाण्याइतकी देखरेख नसते, आणि थंडपणाला लोक शुद्धपणा समजतात.

अखंड पुरवठ्याचा महाराष्ट्रातील लहान गावाचा दाखला म्हणजे कऱ्हाडजवळचे मलकापूर (जि. सातारा). कोयनेच्या पाण्यावर, महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या आखणीने, २०१० च्या सुमारास तिथे २४ तास पाणी सुरू झाले. घरोघर दुरून वाचता येणारे मीटर बसले आणि वापर वाढेल तसा चढता दर लागू झाला. लोकप्रशासनातील उत्कृष्टतेचा पंतप्रधान पुरस्कार या कामाला मिळाला. २४ तास पाणी दिले तर लोक उधळपट्टी करतील, ही धास्ती अशा योजनांना सगळीकडे अडवते. मीटर नसेल तर ती खरी ठरते. मीटर असेल तर मात्र कालचे भरलेले पिंप ओतून देण्याचे कारणच राहत नाही, कारण तोटी कधीही उघडता येते.