कोब्लेंट्झ, १८५६: पिवळ्यात लाल

साल १८५६. ऱ्हाइन आणि मोझेलच्या संगमावरच्या कोब्लेंट्झ गावात तुम्ही पन्नाशीला टेकलेल्या कार्ल फ्रीडरिश मोहर यांच्या शेजारी उभे आहात. पेशानं औषधविक्रेते असलेले मोहर ब्युरेटमधून सिल्व्हर नायट्रेट सोडताहेत. खाली मिठाचं पाणी, त्यात पोटॅशियम क्रोमेट, म्हणून सगळं पिवळंजर्द. थेंब पडतो तिथे तांबूस डाग उमटतो आणि पात्र हलवलं की विरतो. पांढरा अवक्षेप वाढत जातो. मग एका थेंबाची तांबूस छटा कितीही हलवलं तरी जात नाही. क्लोराइड संपलं!

याआधी १८३२ मध्ये गे-ल्युसॅक यांनी चांदीच्या कसासाठी असंच अनुमापन बसवलं, पण दर्शकाविना. बाटली हलवायची, गाळ बसू द्यायचा, वरच्या नितळ पाण्यात पुढचा थेंब गढूळपणा आणतो का ते निरखायचं. चिकाटीचं काम.

तुम्ही पुढच्या काळातून आलात, म्हणून एक शंका ओठांवर येते: सिल्व्हर क्रोमेटचा विद्राव्यता गुणाकार क्लोराइडच्या जेमतेम १६०वा हिस्सा, मग आधी तेच का खाली बसत नाही? मोहर यांना विचारू नका. ही कल्पना नेर्न्स्ट १८८९ मध्ये मांडणार आहेत. उत्तर तुम्हीच काढा. क्रोमेटच्या एका आयनाला चांदीचे दोन आयन लागतात, म्हणून गुणाकारात चांदीच्या संहतीचा वर्ग येतो. नुसते दोन आकडे शेजारी ठेवून (परीक्षेत हमखास होतं तसं) निकाल लागत नाही. क्लोराइड नेमकं संपतं तेव्हा द्रावणात लिटरला ०.००००१३ मोल चांदी असते. क्रोमेट लिटरला ०.००५ मोल ठेवलं, तर त्याचा अवक्षेप सुरू व्हायला ०.००००१५ मोल लागते. इतकं जवळ! गणित हाती नसताना साधलेली ही निवड मला थक्क करते.

मात्र नमुना आम्लधर्मी असेल तर इथे थांबू नका, कारण क्रोमेटचं डायक्रोमेट होतं आणि लाल रंग उशिरा येतो. १८७४ चं म्युनिक गाठा. तिथे फोलहार्ट आम्लातच जादा सिल्व्हर नायट्रेट घालून उरलेली चांदी थायोसायनेटनं मोजतात; दर्शक म्हणून फेरिक क्षार, अखेरचा रंग लाल. फक्त सिल्व्हर क्लोराइड आधी गाळून घ्या. सिल्व्हर थायोसायनेट त्याहून कमी विरघळतं, त्यामुळे गाळ तसाच राहिला तर थायोसायनेट त्यातली चांदी ओढून घेतं आणि लाल रंग टिकत नाही.