अ‍ॅस्पेन : चांदी संपल्यावर

अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधलं अ‍ॅस्पेन आज आपल्याला स्कीइंगसाठी माहीत आहे. मुळात ते चांदीच्या खाणींचं गाव. १८९३ मध्ये सरकारला चांदी विकत घ्यायला लावणारा कायदा रद्द झाला, भाव कोसळला, खाणी बंद पडल्या. १९३० च्या जनगणनेत इथे ७०५ माणसं उरली. विटांची जुनी घरं मात्र तशीच उभी राहिली. पाडायलाही पैसे लागतात ना!

दुसऱ्या महायुद्धात कॅम्प हेलला अमेरिकेची डोंगरी पलटण स्कीइंग शिकत होती. त्यातला ऑस्ट्रियन फ्रीडल फायफर अ‍ॅस्पेन पाहून गेला आणि युद्ध संपल्यावर परत आला. शिकागोचे उद्योगपती वॉल्टर पेपके यांनी भांडवल उभं केलं. १९४६-४७ च्या हिवाळ्यात चेअरलिफ्ट सुरू झाली. पेपकेंना नुसते पर्यटक नको होते. १९४९ मध्ये गटेच्या द्विशताब्दीसाठी त्यांनी अल्बर्ट श्वाइट्झर यांना इथे आणलं.

आता पेच बघा. एके काळी मातीमोल असलेली ती घरं आज कोट्यवधींची आहेत. हॉटेलात चादरी बदलणारे, लिफ्ट चालवणारे कितीतरी लोक खालच्या गावांतून रोज बसनं वर येतात. कामगारांसाठी गावानं आणि काउंटीनं स्वस्त घरं राखून ठेवली आहेत, पण त्यांतलं एखादं विकायला निघालं की लॉटरी काढावी लागते.