आंतरलिंगी व्यक्ती : आरोग्य, हक्क व लोकजागृतीचा इतिहास

आंतरलिंगी व्यक्ती : ज्यांची गुणसूत्रे, जनन ग्रंथी, हॉर्मोने अथवा जननेंद्रिये यांची जन्मजात घडण स्त्री वा पुरुष शरीराच्या रूढ कल्पनेत पूर्णपणे बसत नाही, अशा व्यक्तींना ही संज्ञा लावतात. ही घडण एकाच प्रकारची नसते. काही व्यक्तींत एक्सवाय गुणसूत्रे व पोटात वृषणे असतात. परंतु शरीरातील पेशी पुं-हॉर्मोनांना प्रतिसाद देत नसल्यामुळे बाह्य शरीर स्त्रीचे होते. याउलट काहींत एक्सएक्स गुणसूत्रे, गर्भाशय व बीजांडकोश असतात. परंतु अधिवृक्क ग्रंथींतून पुं-हॉर्मोने अधिक प्रमाणात स्रवल्यामुळे बाह्य जननेंद्रियांना पुरुषी वळण मिळते. क्वचित एकाच शरीरात बीजांडकोश व वृषण या दोहोंचे ऊतक आढळते. यांतील काही प्रकार जन्मतःच ध्यानात येतात, काही वयात येताना मासिक पाळी न आल्यामुळे उघड होतात, तर काही आयुष्यभर अज्ञात राहतात.

आंतरलिंगी व्यक्तींचे लोकसंख्येतील प्रमाण व्याख्येनुसार बदलते. अमेरिकेतील जीवशास्त्रज्ञ अ‍ॅन फॉस्टो-स्टर्लिंग व त्यांचे सहकारी यांनी २००० मध्ये व्यापक व्याख्या स्वीकारून ते सु. १.७ टक्के मानले, तर लेनर्ड सॅक्स यांनी २००२ मध्ये संकुचित व्याख्येच्या आधारे ते ०.०१८ टक्के इतके कमी ठरविले. बाह्य जननेंद्रियांवरून लिंग सांगणे अवघड जावे, असे बालक सु. ४,५०० जन्मांत एक आढळते, असा वैद्यकीय अंदाज आहे. आंतरलिंगी व तृतीयपंथी या संज्ञा लोकव्यवहारात एकमेकींच्या जागी वापरल्या जातात. तथापि त्या भिन्न आहेत. पहिली शरीराच्या जन्मजात घडणीविषयी आहे, तर दुसरी व्यक्तीच्या स्वतःच्या लिंगभावाविषयी व त्या अनुषंगाने समाजातील स्थानाविषयी आहे. बहुसंख्य आंतरलिंगी व्यक्ती स्वतःस स्त्री अथवा पुरुषच मानतात.

या व्यक्तींचा इतिहास हा मुख्यत्वे एका प्रश्नाचा इतिहास आहे. एखाद्याचे लिंग कोणी ठरवावे, विधीने, वैद्याने, मातापित्यांनी की त्या व्यक्तीने स्वतः? या प्रश्नाची उत्तरे काळानुसार बदलत गेली आणि ज्ञान वाढले तसतसे स्वातंत्र्यही वाढत गेले, असे मात्र घडले नाही.

प्राचीन व मध्ययुगीन विचार : चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भाच्या लैंगिक घडणीतील आठ विकृती सांगितल्या असून त्यांत ‘द्विरेता’ हा स्त्री-पुरुष अशा दोन्ही लक्षणांचा प्रकार आहे. त्यांची कारणे बीजदोष व वायुदोष यांत शोधली आहेत. म्हणजे हा देवाचा कोप नसून गर्भावस्थेतील घटना होय, ही जाणीव त्यामागे दिसते. धर्मशास्त्राची दृष्टी मात्र व्यवहाराची व म्हणून अधिक कठोर होती. मनुस्मृतीने क्लीबास दायभागातून वगळले, त्याला केवळ पोषणाचा हक्क ठेवला. घारापुरीच्या लेण्यांत अर्धनारीश्वराची भव्य मूर्ती घडविणाऱ्या समाजातच मनुष्यदेहातील अशी घडण वारसाहक्क गमावण्यास कारण ठरत होती. हे अपात्रतेचे तत्त्व ब्रिटिश अमदानीतील न्यायालयांनीही मानले. १९२८ च्या हिंदू वारसा (अपात्रता निवारण) अधिनियमाने शारीरिक व्यंगाच्या कारणावरून वारसा नाकारण्याची ही प्रथा दायभाग पंथीयांखेरीज इतरांपुरती मोडली आणि १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने हेच तत्त्व कायम केले.

रोमन विधिज्ञ अल्पियन याच्या मते अशा व्यक्तीत ज्या लिंगाची लक्षणे प्रबळ असतील, ते तिचे लिंग समजावे. ५३३ मध्ये सम्राट जस्टिनियनच्या ‘डायजेस्ट’ या विधिसंग्रहात हे मत समाविष्ट झाले व त्याचा प्रभाव यूरोपात अनेक शतके टिकला. यहुदी मिश्नामध्ये ‘अँड्रोगिनोस’ व ‘तुमतुम’ अशा दोन वर्गांची विधिनिषेधांसह चर्चा आहे, तर इस्लामी विधिशास्त्रात ‘खुन्सा’ या वर्गाच्या वारसाहिश्श्याचे नियम आढळतात. या साऱ्या विचारांचा रोख लग्न, वारसा, साक्ष व उपासना यांतील स्थान निश्चित करण्याकडे होता. शरीर बदलण्याचा विचार त्यांत नव्हता. मध्ययुगीन यूरोपात लक्षणे समसमान असल्यास प्रौढ व्यक्तीने एक लिंग निवडावे व पुढे ते बदलू नये, असा दंडक रूढ होता.

या परंपरेचे सर्वांत स्पष्ट रूप १७९४ च्या प्रशियाच्या सर्वसाधारण विधिसंहितेत दिसते. अशा बालकास कोणत्या लिंगाचे म्हणून वाढवावे, हे मातापित्यांनी ठरवावे. मात्र वयाची अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर त्या व्यक्तीस स्वतःचे लिंग निवडण्याचा हक्क राहील व पुढील सर्व अधिकार त्या निवडीनुसार ठरतील, असे तीत म्हटले होते. त्रयस्थाचे हितसंबंध गुंतल्यास तज्ज्ञांकडून तपासणी करून घेण्याची व त्यांचा निर्णय प्रमाण मानण्याची तरतूदही होती. १ जानेवारी १९०० रोजी अंमलात आलेल्या जर्मन नागरी संहितेत ही कलमे राहिली नाहीत. प्रत्येक मनुष्य वस्तुतः स्त्री वा पुरुष असतो व ते वैद्यकास सांगता येते, असा समज तोवर दृढ झाला होता.

वैद्यकाचा अधिकार : हा समज एकोणिसाव्या शतकात आकारास आला. जर्मन विकृतिवैज्ञानिक एड्‌विन क्लेप्स यांनी १८७६ मध्ये ‘खरी’ व ‘आभासी’ उभयलिंगता असे वर्गीकरण मांडले. जनन ग्रंथी हाच लिंगाचा अंतिम निकष ठरल्यामुळे बाह्य शरीर, संगोपन व स्वतःची जाणीव या गोष्टी गौण झाल्या. या दृष्टीचे परिणाम फ्रान्समधील एर्क्युलीन बार्बँ यांच्या जीवनात दिसतात. ८ नोव्हेंबर १८३८ रोजी जन्मलेल्या बार्बँ मुलगी म्हणून वाढल्या व शिक्षिका झाल्या. १८६० मध्ये वैद्यकीय तपासणीनंतर न्यायालयाने त्यांची नोंद पुरुष म्हणून केली. ओळखीचे सारे जग सुटल्यानंतर त्यांनी पॅरिसमध्ये हलाखीत दिवस काढले व १८६८ मध्ये आत्महत्या केली. त्यांच्या मागे राहिलेल्या आठवणींतील काही भाग न्यायवैद्यक आंब्र्वाझ तार्द्यू यांनी प्रसिद्ध केला. १९७८ मध्ये मीशेल फूको यांनी त्या पुन्हा प्रकाशात आणल्या.

विसाव्या शतकात या विषयाचे शास्त्रीय ज्ञान झपाट्याने वाढले. १९०५ मध्ये नेटी स्टीव्हन्स यांनी कीटकांत वाय गुणसूत्राचा लिंगनिश्चितीशी असलेला संबंध दाखविला. रिचर्ड गोल्डश्मिट यांनी पतंगांवरील संशोधनातून ‘आंतरलिंगता’ ही संज्ञा १९१७ च्या सुमारास प्रचारात आणली. बॉल्टिमोर येथील लॉसन विल्किन्स यांनी १९५० मध्ये अधिवृक्क ग्रंथींच्या जन्मजात विकारावर कॉर्टिसोनचा उपचार यशस्वी केला. या विकाराच्या एका प्रकारात शरीरातील मीठ व पाणी झपाट्याने कमी होऊन नवजात बालक दगावू शकते. त्यामुळे या उपचाराने असंख्य जीव वाचले. वैद्यकाचे हे ऋण निर्विवाद आहे.

तथापि प्राणरक्षणाचा उपचार व रूप बदलण्याची शस्त्रक्रिया यांतील सीमारेषा याच काळात पुसट झाली. जॉन मनी, जोन हॅम्पसन व जॉन हॅम्पसन यांनी १९५५ पासून असा सिद्धांत मांडला, की मुलाची लैंगिक ओळख मुख्यत्वे संगोपनातून घडते, म्हणून सु. दीड वर्षाच्या आतच लिंग निश्चित करून जननेंद्रियांना अनुरूप रूप द्यावे. मातापित्यांच्या मनात संदेह राहू नये व मुलास पुढे सत्य कळू नये, अशीही काळजी अनेक ठिकाणी घेतली जाई. ही पद्धती बॉल्टिमोरमधून जगभर पसरली. शस्त्रक्रियांमुळे पुष्कळांना संवेदनाहानी, वेदना व वारंवार शस्त्रक्रिया यांस तोंड द्यावे लागले. जनन ग्रंथी काढून टाकलेल्यांना आयुष्यभर हॉर्मोने घ्यावी लागत. ती न मिळाल्यास हाडे ठिसूळ होत. काही प्रकारांत या ग्रंथींत कर्करोगाचा धोका खरोखरच मोठा असतो, काहींत तो अल्प असतो. परंतु हा भेद न करता ग्रंथी सरसकट काढल्या जात. कित्येकांना आपल्यावर कोणती शस्त्रक्रिया झाली, हेही प्रौढपणी जुनी कागदपत्रे मिळाल्यावरच समजले.

मनी यांनी आपल्या सिद्धांताच्या पुष्ट्यर्थ कॅनडातील एका मुलाचे उदाहरण दिले होते. हा मुलगा आंतरलिंगी नव्हता. बालपणी शस्त्रक्रियेतील अपघातात शिश्न नष्ट झाल्याने त्याला मुलगी म्हणून वाढविण्यात आले होते. मिल्टन डायमंड व कीथ सिग्मंडसन यांनी १९९७ मध्ये दाखवून दिले, की त्याने ती ओळख कधीच स्वीकारली नव्हती व किशोरवयातच तो मुलगा म्हणून राहू लागला होता. या वृत्तांताने प्रचलित पद्धतीच्या पायालाच तडा गेला.

हक्कांची चळवळ : मौनाचा भंग प्रथम स्वतः आंतरलिंगी व्यक्तींनी केला. १९९३ मध्ये शेरिल चेस यांनी अमेरिकेत ‘इंटरसेक्स सोसायटी ऑफ नॉर्थ अमेरिका’ ही संस्था स्थापन केली. २६ ऑक्टोबर १९९६ रोजी बॉस्टन येथे बालरोगतज्ज्ञांच्या वार्षिक अधिवेशनाबाहेर काही मोजक्या व्यक्तींनी निदर्शने केली. त्या घटनेच्या स्मरणार्थ हा दिवस पुढे आंतरलिंगी जागृती दिन म्हणून पाळला जाऊ लागला. बार्बँ यांचा जन्मदिवस ८ नोव्हेंबर हा स्मृतिदिन ठरला. चळवळीची मागणी उपचारविरोधी नव्हती. जिवास वा प्रकृतीस धोका असल्यास उपचार तत्काळ व्हावेत; परंतु केवळ रूपासाठीची शस्त्रक्रिया व्यक्ती स्वतः निर्णय घेण्याइतकी मोठी होईपर्यंत थांबवावी व तिच्यापासून सत्य लपवू नये, एवढेच तिचे म्हणणे होते.

वैद्यकाने या टीकेची दखल घेतली. २००५ मध्ये शिकागो येथे भरलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेचे मतैक्यपत्र २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात मोकळेपणाने माहिती देणे, मानसोपचारतज्ज्ञांसह अनेक शाखांच्या तज्ज्ञांनी एकत्रित विचार करणे व शस्त्रक्रियेबाबत संयम पाळणे यांवर भर दिला होता. ‘उभयलिंगी’ हा अवमानकारक शब्द टाळून ‘लैंगिक विकासातील विकार’ ही संज्ञा सुचविण्यात आली. परंतु भिन्नतेस विकार म्हणण्यास अनेकांनी आक्षेप घेतला.

कायद्याच्या क्षेत्रात कोलंबियाच्या संविधान न्यायालयाने १९९९ मध्ये पाच वर्षांवरील बालकाच्या बाबतीत केवळ मातापित्यांची संमती पुरेशी नाही, असा निर्णय देऊन पहिले पाऊल टाकले. २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे छळविषयक विशेष प्रतिवेदक हुआन मेंडेझ यांनी संमतीविना होणाऱ्या अशा शस्त्रक्रियांचा प्रश्न छळाच्या संदर्भात मांडला. माल्टाने एप्रिल २०१५ मध्ये त्यांवर कायद्याने बंदी घातली. पोर्तुगाल (२०१८), जर्मनी (२०२१) व ग्रीस (२०२२) यांनी कमीअधिक मर्यादांसह तसे कायदे केले. ४ एप्रिल २०२४ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने आंतरलिंगी व्यक्तींविरुद्धच्या भेदभावाविषयी पहिला ठराव २४ विरुद्ध शून्य मतांनी संमत केला; २३ राष्ट्रे तटस्थ राहिली.

भारतातील स्थिती : भारतात हा विषय सामान्य वाचकांपर्यंत प्रथम पोहोचला तो क्रीडाक्षेत्रातून. तमिळनाडूतील गरीब कुटुंबातून आलेल्या शांती सौंदरराजन यांचे २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धांतील ८०० मी. शर्यतीचे रौप्यपदक लिंगचाचणीनंतर काढून घेण्यात आले व त्याची वाच्यता वृत्तपत्रांतून झाली. खेळाडूवर कोणतीही लबाडी केल्याचा आरोप नसताना तिला अपमान सोसावा लागला. ओडिशाच्या द्युती चंद यांनी मात्र २०१४ मध्ये वगळण्यात आल्यावर क्रीडा लवाद न्यायालयाकडे दाद मागितली आणि जुलै २०१५ मध्ये तत्संबंधीचे नियम स्थगित करविले. पुढे हे नियम नव्या स्वरूपात आले व वाद चालूच राहिला.

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या दाव्यात स्वतःचे लिंग ठरविण्याचा हक्क मान्य केला. त्याचा आधार घेऊन मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने २२ एप्रिल २०१९ रोजी बालकांवरील अशा शस्त्रक्रियांना बंदी करण्याचा निर्देश दिला. त्यानुसार तमिळनाडू शासनाने ऑगस्ट २०१९ मध्ये जीवितास धोका असल्याचे प्रसंग वगळून बंदीचा आदेश काढला. त्याच वर्षी संमत झालेल्या तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियमाने आंतरलिंगी व्यक्तींची व्याख्या केली. परंतु त्यांना तृतीयपंथी या संज्ञेतच समाविष्ट केले आणि बालकांवरील शस्त्रक्रियांविषयी निर्बंध घातला नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने सात वर्षांच्या एका बालकावर अशी शस्त्रक्रिया करण्याची मातापित्यांची विनंती नाकारली. बालकाच्या संमतीविना ती केल्यास त्याच्या प्रतिष्ठेचा व खासगीपणाचा भंग होईल, असे न्यायालयाने म्हटले.

या निर्णयांमागील मातापित्यांची भीती मात्र खोटी नसते. प्रसूतीनंतर विचारला जाणारा पहिला प्रश्न, शेजाऱ्यापाजाऱ्यांची कुजबूज, शाळेतील स्वच्छतागृह व पुढे विवाहाची चिंता यांपोटी ते शस्त्रक्रियेची घाई करतात. त्या भीतीचे मूळ बालकाच्या देहात नसून समाजाच्या अज्ञानात आहे. म्हणून प्रसूतिगृहातील योग्य मार्गदर्शन, शालेय आरोग्यशिक्षण व प्रौढ आंतरलिंगी व्यक्तींचा अनुभव यांचे महत्त्व कायद्याइतकेच आहे. प्रौढ झाल्यावर स्वतः निवड करण्याचा जो अवकाश १७९४ च्या संहितेने मर्यादित रूपात दिला होता, तो आधुनिक वैद्यकाच्या साहाय्याने व बालकाच्या देहाला इजा न पोहोचविता परत मिळवून देणे, हे या चळवळीचे उद्दिष्ट होय.