यात्रा रद्द, जबाबदारी कायम

फाल्गुन वद्य षष्ठी हा पैठणच्या वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. संत एकनाथांनी १५९९मध्ये याच तिथीला देह ठेवला. षष्ठी, सप्तमी आणि अष्टमी असे तीन दिवस गावात नाथषष्ठीची यात्रा भरते. एरवी चाळीसेक हजार वस्तीच्या या गावात तेव्हा लाखो माणसं असतात. दूरदूरच्या गावांहून पायी दिंड्या येतात, गोदावरीच्या वाळवंटात राहुट्या पडतात, आणि अष्टमीला काल्याची हंडी फुटली की गाव हळूहळू रिकामं होतं.

मार्च २०२०च्या दुसऱ्या आठवड्यात जिल्हा प्रशासनानं ही यात्रा रद्द केली. तेव्हा देशात लॉकडाऊन नव्हता. जनता कर्फ्यूची घोषणाही व्हायची होती. ९ मार्चला पुण्यात राज्यातले पहिले रुग्ण सापडले होते आणि ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेनं कोविडला महासाथ म्हटलं होतं, एवढंच. पैठणमध्ये साथ आधी आली ती आदेशाच्या रूपात. रोग नंतर आला.

निर्णय बरोबर होता. लाखो लोक एका घाटावर, एका रांगेत, एका पंगतीत बसले असते तर काय झालं असतं, याची कल्पना करायला आज कुणालाच अवघड जाणार नाही. तरीही एक प्रश्न उरतो. यात्रा गावाची, नुकसान गावाचं, नंतरची सगळी धावपळही गावाचीच. मग निर्णयात गाव कुठे होतं? या प्रश्नाचं उत्तर शोधायला सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं.

चार कलमांचा कायदा

सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. काही महिन्यांत निम्मी मुंबई पळायला लागली. बंदर बंद पडेल, युरोप भारताचा माल नाकारेल, ही सरकारची मोठी धास्ती होती. ४ फेब्रुवारी १८९७ला साथरोग कायदा आला. मूळ कायदा अवघ्या चार कलमांचा. एवढ्या लहान कायद्यानं एवढं मोठं काम करायचं, तर तो अधिकार मोजून देत नाही, ओंजळीनं देतो. सरकारला योग्य वाटेल ते उपाय करता येतील, प्रवाशांची तपासणी करता येईल, आदेश मोडणाऱ्याला शिक्षा होईल, आणि सद्हेतूनं काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर खटला चालणार नाही. झाला कायदा.

या कायद्याचं पहिलं रूप पुण्यानं पाहिलं. प्लेगचा बंदोबस्त नगरपालिकेवर न सोडता सरकारनं वॉल्टर चार्ल्स रँड याच्या अध्यक्षतेखाली खास प्लेग कमिटी नेमली. गोऱ्या शिपायांनी घरं तपासली, माणसं छावण्यांत नेली. लोकांच्या संतापाचा शेवट २२ जून १८९७ला गणेशखिंडीच्या रस्त्यावर झाला, हे शाळेच्या पुस्तकातून आपल्याला माहीत आहे. पुस्तक सहसा सांगत नाही ती गोष्ट वेगळी आहे: मुंबईतही त्याच मार्चमध्ये ब्रिगेडियर जनरल गॅटेकर याच्या हाताखाली प्लेग कमिटी नेमून महापालिकेच्या हातातला कारभार काढून घेतला गेला. म्हणजे या कायद्याच्या मुळाशीच स्थानिक संस्थेवरचा अविश्वास होता. गाव गोंधळ घालेल, लोकप्रतिनिधी लोकांची भीड धरतील, तेव्हा साथीत सूत्रं अधिकाऱ्याच्या हाती हवीत, असा तो विचार.

आता १४ मार्च २०२०कडे या. महाराष्ट्र सरकारनं याच १८९७च्या कायद्याखाली कोविडसाठी नियम काढले. आदेश देण्याचे अधिकार जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्याला आणि महापालिकेच्या शहरात आयुक्ताला मिळाले. पैठणला महापालिका नाही, नगरपरिषद आहे. तिथला नगराध्यक्ष, नगरसेवक किंवा मुख्याधिकारी या यादीत नव्हता. पुढे लॉकडाऊन आला तो २००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली, आणि त्यातही जिल्ह्याची चावी जिल्हाधिकाऱ्याकडेच. १८९७ साली पुण्याच्या नगरपालिकेला जिथं उभं केलं होतं, साधारण तिथंच २०२०मध्ये लहान गावांच्या नगरपरिषदा उभ्या होत्या.

निजामाच्या हद्दीतलं गाव

पैठणच्या बाबतीत या कायद्याची आणखी एक गंमत आहे. १८९७मध्ये पैठण ब्रिटिश हिंदुस्थानात नव्हतंच. ते निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. स्वातंत्र्यानंतर हैदराबाद हे ‘ब’ वर्गातलं राज्य झालं आणि १९५६मध्ये मराठवाडा तिथून निघून मुंबई राज्यात आला. साथरोग कायद्याच्या पहिल्या कलमात मात्र ‘१ नोव्हेंबर १९५६पूर्वी ब वर्गातल्या राज्यांत असलेला प्रदेश वगळून’ असे शब्द तसेच राहून गेले. ते निघाले थेट २०२०च्या दुरुस्तीत. त्या शब्दांमुळे मराठवाड्यात कुणाचे आदेश अडले नाहीत. पण या कायद्याकडे मधल्या काळात किती लक्ष दिलं गेलं होतं, हे त्यावरून कळतं. धूळ झटकून काढलेली वस्तू होती ती.

संस्थानाच्या हद्दीत साथी कमी होत्या असं मात्र नाही. १९११च्या जनगणनेत हैदराबाद संस्थानाची लोकसंख्या सुमारे १ कोटी ३४ लाख होती. १९२१मध्ये ती सुमारे १ कोटी २५ लाखांवर आली. दहा वर्षांत लोकसंख्या वाढायच्या ऐवजी नऊ लाखांनी घटली. १९१८चा इन्फ्लुएन्झा, प्लेग आणि दुष्काळ यांनी मिळून हे केलं.

त्या काळात खेड्यापाड्यांत साथीचा कारभार कोण बघायचं? बहुतेक ठिकाणी गावच. घरात उंदीर मरून पडला की लोक घरं सोडून रानात झोपड्या घालून राहत. हे अडाणीपण नव्हतं. उंदरांपासून लांब जाणं हा प्लेगवरचा खरोखर चालणारा उपाय होता. पटकी आली की मरीआईचा गाडा सजवून शिवेबाहेर नेऊन सोडत. पुढच्या गावानं तो आपल्या शिवेबाहेर ढकलायचा. एप्रिल २०२०मध्ये महाराष्ट्रातल्या कित्येक गावांनी रस्त्यावर काट्या टाकून, बांबू आडवे बांधून गावबंदी केली. गाडा नव्हता, पण शीव तीच होती. या पद्धतीत शहाणपण होतं तसा निर्दयपणाही. शिवेबाहेर राहिला तो मुंबई-पुण्याहून चालत आलेला गावचाच मुलगा.

यात्रेनं शिकवलेलं आरोग्यशास्त्र

यात्रा आणि साथ यांचं नातं सगळ्या जगाला ठाऊक होतं. १८६५मध्ये हजला जमलेल्या यात्रेकरूंमध्ये कॉलरा पसरला आणि तिथून तो युरोपात गेला. पुढच्याच वर्षी कॉन्स्टँटिनोपलला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली आणि तिनं हिंदुस्थानातल्या मोठ्या यात्रांकडेही बोट दाखवलं. तेव्हापासून सरकारी कागदांत यात्रा म्हणजे रोगाचं घर, असंच चित्र दिसतं.

त्याची दुसरी बाजू यात्रेच्या गावात राहणाऱ्यालाच दिसते. यात्रा ही रोगाची वाट असेल, पण ती गावाची आरोग्यशाळाही असते. दरवर्षी तीन दिवस आपल्या लोकसंख्येच्या कितीतरी पट माणसं पोसायची, तर पाणी लागतं, तात्पुरती शौचालयं लागतात, कचरा उचलायला जादा माणसं लागतात, पिण्याच्या पाण्यात क्लोरीन बरोबर पडलंय का हे बघणारा माणूस लागतो, दवाखान्याचा तंबू लागतो. कुठल्या गल्लीत गर्दी तुंबते, कुठल्या घाटावर पाय घसरतो, कुठली दिंडी कुठे उतरते, हे ज्ञान जिल्ह्याच्या कचेरीत मिळत नाही. ते आरोग्य निरीक्षकाच्या, पाणीपुरवठ्याच्या वायरमनच्या आणि सफाई कामगारांच्या मुकादमाच्या डोक्यात असतं.

पैठणच्या परंपरेतही पाण्याला फार मान आहे. काशीहून रामेश्वराला नेलेली कावड नाथांनी तहानलेल्या गाढवाच्या तोंडी ओतली, ही कथा प्रत्येक मराठी घरात सांगितली जाते. देवानं श्रीखंड्या होऊन नाथांच्या घरी पाणी भरलं, ही दुसरी. त्या कथेतला रांजण गावातल्या नाथवाड्यात आहे आणि तुकाराम बीजेपासून भाविक तो भरायला लागतात. गावाच्या वरच्या अंगाला जायकवाडीचं धरण आहे. १९६५मध्ये लालबहादूर शास्त्रींनी त्याची पायाभरणी केली आणि १९७६मध्ये इंदिरा गांधींनी उद्घाटन. त्याच्या जलाशयाचं नावही नाथसागर.

साथीत उपयोगी पडलं असतं ते हे यात्रेचं ज्ञान. गर्दी कशी पांगवायची, परगावहून आलेल्याला कुठे उतरवायचं, शेकडो लोकांना ठरल्या वेळी जेवण आणि पाणी कसं पोचवायचं. विलगीकरण केंद्र म्हणजे तरी दुसरं काय? ज्या गावाला यात्रा चालवता येते, त्याला ते चालवता येतं.

आदेश वरून, काम खालून

महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम, १९६५च्या ४९व्या कलमात नगरपरिषदेची बंधनकारक कर्तव्यं दिली आहेत. त्यात रस्ते झाडणं, गटारं, दिवाबत्ती, स्मशानांची व्यवस्था आहे. आणि घातक रोगाच्या साथीत आजाऱ्यांसाठी खास वैद्यकीय मदत व जागा पुरवणं, रोग पसरू नये म्हणून उपाय करणं, हेही आहे. १९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीनं बारावं परिशिष्ट आणलं, त्याच्या यादीतही सार्वजनिक आरोग्य आहे. थोडक्यात, कर्तव्य लेखी आहे.

साधनं कुठे आहेत? लहान गावातलं सरकारी रुग्णालय राज्याच्या आरोग्य खात्याचं असतं. डॉक्टरच्या बदल्या मुंबईहून होतात. गंभीर रुग्णाला पैठणहून पन्नासेक किलोमीटरवरच्या घाटी रुग्णालयात न्यावं लागतं. नगरपरिषदेच्या हातात उरतं ते झाडू, फवारणीचा पंप, घंटागाडी, पाण्याची पाइपलाइन आणि शेवटी सरण. सप्टेंबर २०२०मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली. पथकं घरोघर जाऊन ताप आणि ऑक्सिजन मोजू लागली. दारात उभं राहिलेलं माणूस आशाताई, शिक्षक, पालिकेचा कर्मचारी, असं ओळखीचंच होतं. नाव कुटुंबाच्या जबाबदारीचं असलं, तरी दार वाजवायला स्थानिक माणूसच लागला.

सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरचं उदाहरण यासाठी आठवतं. मार्च २०२०च्या शेवटी या नगरपरिषदेच्या गावात दोन डझन रुग्ण झाले आणि अख्ख्या राज्याचे डोळे तिकडे लागले. पुढच्या काही आठवड्यांत साथ तिथं आटोक्यात आली. त्यासाठी कुठलंही मोठं यंत्र लागलं नाही. कोण कुणाला भेटलं याची यादी झाली, भाग बंद झाला, आणि बंद भागात किराणा-दूध घरपोच गेलं. ही तिन्ही कामं गल्ली ओळखणाऱ्याची आहेत.

पैठणला त्या वर्षी आणखी एक गोष्ट सोसावी लागली. आषाढीला नाथांची पालखी पायी पंढरपूरला जाते. २०२०मध्ये पादुका एसटी बसनं गेल्या, मोजक्या वारकऱ्यांसोबत. २०२१मध्येही तसंच. नाथषष्ठीची यात्राही लागोपाठ दोन वर्षं भरली नाही. बुक्का, तुळशीमाळा, प्रसाद, खेळणी विकणारे, पंगतीचे आचारी, पैठणीची दुकानं, घाटावरचे पुरोहित, या सगळ्यांच्या वर्षाच्या हिशोबात षष्ठीचे तीन दिवस धरलेले असतात.

१८९७च्या कायद्यात याबद्दल एक अर्धा कंस आहे. साथीच्या उपायांचा खर्च कुणी आणि कसा सोसायचा ते सरकार ठरवू शकतं, ‘भरपाई असल्यास त्यासह’. असल्यास! सव्वाशे वर्षांत त्या ‘असल्यास’चा अर्थ कुणी नीट लिहून काढला नाही.

पुढच्या वेळी

साथीत निर्णय गावावरच सोडून द्यावेत, असं मला म्हणायचं नाही. यात्रेवर पोट असलेलं गाव यात्रा रद्द करायला कचरेल, ही शंका खोटी नाही. विषाणू शीव बघत नाही, त्यामुळे जिल्ह्याचा आणि राज्याचा हात वर असायलाच हवा. पण यात्रा थांबवण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे, त्याच्याच टेबलावर नुकसानीचा हिशोबही आला पाहिजे. आणि ज्याच्याकडे काम आहे, त्याला त्या टेबलाशी खुर्ची मिळाली पाहिजे.

साथ ओसरल्यावर उलटंच घडलं. राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांची मुदत संपली, आरक्षणाच्या वादात निवडणुका अडकल्या आणि वर्षानुवर्षं प्रशासकच कारभार बघत राहिले. मतदान झालं ते डिसेंबर २०२५मध्ये. महासाथीत आपल्या गावानं काय बरोबर केलं, काय चुकलं, हे सभागृहात विचारायला मधल्या काळात नगरसेवकच नव्हते. जी चर्चा २०२२मध्ये व्हायला हवी होती, ती झालीच नाही.

म्हणून हे काम आता आपल्यावर आहे. तुमच्या गावाच्या नगरपरिषदेकडे त्या दोन वर्षांच्या नोंदी असतील: किती टँकर गेले, जादा माणसं कुठून आणली, स्मशानात लाकूड कुठल्या पैशानं आलं. माहितीच्या अधिकारात एक अर्ज दहा रुपयांत होतो. ते कागद रद्दीत जायच्या आत मागवा. १९१८मध्ये आपल्या गावात काय झालं, हे सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. २०२०चं सांगणारे अजून आहेत, आणि त्यातला मुकादम बहुधा लवकरच निवृत्त होणार आहे.